ओलेड की मिनी एलईडी? दिवसा लख्ख उजेड, रात्री सिनेमे

'खिडकीसमोर' या टोपणनावाने आलेला प्रश्न, खाली इतर सदस्यांची उत्तरं त्यांच्या टोपणनावांसह

जुना ४३ इंची एलईडी काढून ५५ किंवा ६५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. सोफा स्क्रीनपासून ९ फुटांवर. मोठी खिडकी टीव्हीच्या अगदी समोर. पडदा ओढला तरी दुपारी खोली उजळच राहते. दिवसा चार-पाच तास बातम्या, रात्री दिवे मालवून सिनेमे, आठवड्यातून दोन-तीनदा कन्सोलवर गेम. दोन खुर्च्या बऱ्याच बाजूला आहेत, तिथून स्क्रीन तिरकी दिसते.

क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओलेड, क्यूडी-ओलेड... नावं वाचून डोकं गरगरलंय. कोणी म्हणतं ओलेडवर डाग पडतात, कोणी म्हणतं मिनी एलईडीत उजेड सांडतो. काय घ्यावं आणि दुकानात नेमकं काय बघावं?

झोनमोजणी

आधी नावांचा गुंता. साधा एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी हे तिन्ही एलसीडीच. मागे बॅकलाइट, पुढे तो अडवणारा लिक्विड क्रिस्टलचा थर. क्यूएलईडीत निळ्या बॅकलाइटपुढे क्वांटम डॉटची (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) फिल्म असते. त्याने लाल आणि हिरवा जास्त शुद्ध मिळतो, काळा मात्र जसाच्या तसा. खोक्यावर क्यूएलईडी लिहिलंय म्हणून अंधारातला सिनेमा चांगला दिसेल, हा निव्वळ गैरसमज.

काळा ठरतो दोन गोष्टींवर. पहिली, पॅनलची जात. एलसीडीच्या दोन मुख्य जाती आयपीएस आणि व्हीए: आयपीएसचा मूळ काँट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ ते ६०००:१. दुसरी, बॅकलाइटचे किती तुकडे स्वतंत्रपणे मंद होतात, म्हणजे डिमिंग झोन. 'मिनी एलईडी' हा शब्द फक्त एलईडीचा आकार सांगतो, झोन किती ते सांगत नाही. 'मिनी एलईडी' लिहिलेल्या स्वस्त टीव्हीत झोन शंभर-दोनशेच निघू शकतात. त्यात काळ्या दृश्यावर पांढरी सबटायटल आली की खालची अख्खी पट्टी राखाडी होते. आणि हजार झोन असले तरी हिशेब करा: ४के म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, एका झोनच्या वाट्याला ८,३०० च्या आसपास. उजेड थोडा सांडणारच, फक्त तो नजरेत भरायला नको.

तुमच्या बातम्यांचेच वर्षाला दीड हजार तास होतात, तेही खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो कायम एकाच जागी. त्यात समोर खिडकी. माझं मत: व्हीए पॅनलचा मिनी एलईडी, झोन किमान ५००. आकार ६५ इंचच. ९ फुटांवरून ६५ इंची स्क्रीन नजरेचा जवळपास ३० अंशांचा कोन व्यापते, ५५ इंची २५ च. सिनेमासाठी ३० च्या आसपास हवं.

तिरकीखुर्ची

बाकी सगळं पटलं, पण बाजूच्या खुर्च्या राहिल्या. व्हीए पॅनल समोरून जेवढं गडद, तिरक्या बाजूने तेवढंच फिकं. ३०-४० अंशांच्या पुढे चेहऱ्यांचा रंग उतरतो, काळा राखाडी होतो, आणि झोनचा सांडलेला उजेडही तिथूनच जास्त दिसतो. काही महागड्या व्हीए पॅनलवर कोन वाढवणारा जादा थर असतो, त्यात थोडा काँट्रास्ट खर्ची पडतो. आयपीएस किंवा एडीएस (आयपीएससारखीच जात) पॅनलचा मिनी एलईडी कोनाला बरा, पण मूळ काळा कच्चा असल्यामुळे झोनवर सगळा भार येतो.

ओलेडला ही अडचण नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. पण त्यातही दोन जाती आहेत. जुनी डब्ल्यूओलेड: पांढरा प्रकाश, पुढे रंगीत फिल्टर, शिवाय एक पांढरा उपपिक्सेल (पिक्सेलचा एका रंगाचा तुकडा). हा पांढरा चमक वाढवतो, पण फार उजळ रंग त्यामुळे जरा धुतल्यासारखे होतात. २०२२ पासून टीव्हीत आलेली क्यूडी-ओलेड: निळं ओलेड, त्यातूनच क्वांटम डॉट लाल-हिरवा बनवतात. रंग आणि कोन यांत ती सरस. पण तिच्यात पुढचा पोलरायझर (बाहेरून पडणारा उजेड शोषून घेणारी फिल्म) नसतो. म्हणून खोलीतला उजेड पडला की बंद टीव्हीसुद्धा राखाडी-जांभळट दिसतो. समोरच खिडकी असेल तर दिवसा तिचा सगळा रुबाब जातो. ओलेडच घ्यायचा ठरला तर तुमच्या खोलीत डब्ल्यूओलेड.

दुसरी मेख म्हणजे पूर्ण पांढरी स्क्रीन. वीज आणि उष्णता मर्यादेत ठेवण्यासाठी ओलेड मोठा पांढरा भाग आला की आपोआप मंद होतो. छोट्या ठिपक्यावर हजार निटच्या (निट म्हणजे चमक मोजायचं एकक) पुढे जाणारा टीव्ही पूर्ण पांढऱ्यावर दोन-अडीचशे निटपर्यंत उतरू शकतो. चांगला मिनी एलईडी तिथे पाचशेच्या वर टिकतो. दुपारच्या बातम्यांचा उजळ स्टुडिओ, बर्फावरचे खेळ, इथे हा फरक उघड दिसतो.

खिडकीसमोर

खुर्च्या स्क्रीनकडे थोड्या वळवता येतील, पण जागा तीच राहील. रात्रीच्या सिनेमासाठी मन ओलेडकडे ओढतंय. डाग पडणं टाळता येतं का, की ते नशिबावर? आणि १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारं पॅनल) खरंच लागतं का?

मेनस्विच

खुर्ची वळवून काही होणार नाही. तुमचं तोंड कुठे आहे याने फरक पडत नाही, पॅनलच्या मधल्या लंबरेषेपासून तुम्ही किती बाजूला आहात तो कोन महत्त्वाचा. टीव्ही फिरत्या ब्रॅकेटवर बसवलात तर मात्र फायदा.

आता डाग. ते म्हणजे झीज: जिथे पट्टी रोज पेटते तिथले उपपिक्सेल इतरांपेक्षा आधी थकतात आणि एकसंध रंगावर ती जागा मंद दिसते. टीव्ही ही झीज मोजून भरपाई करतो, पण बंद असताना. बहुतेक ओलेड एकूण चारेक तास चालल्यावर पुढच्या वेळी स्टँडबायमध्ये जाताच काही मिनिटांची दुरुस्ती करून घेतात. त्यामुळे रिमोटने बंद करून लगेच भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय ओलेडला मारक आहे. मेन स्विच चालूच ठेवा. मेनूतली लांबलचक पॅनल दुरुस्ती मात्र उठसूट चालवू नका, ती टीव्ही सांगेल तेव्हाच.

बातम्यांसाठी वेगळा पिक्चर मोड करून त्यात ब्राइटनेस अर्ध्याच्या खाली ठेवा, पिक्सेल शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणं) आणि लोगो मंद करण्याची सोय चालू ठेवा. एवढं केलं तर झीज खूप लांबते, शून्य होत नाही. आणि इथेच गोची आहे: समोर खिडकी म्हणून ब्राइटनेस चढवणार, चढवला की झीज वाढणार. दिवसाच्या बातम्या दुसऱ्या छोट्या टीव्हीवर गेल्या तरच मी ओलेड सुचवीन, नाहीतर झोनमोजणी म्हणतात तेच.

१२० हर्ट्झ लागतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला नाही. म्हणून ६० हर्ट्झ चालू असताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवली जाते आणि कॅमेरा सावकाश सरकताना चित्र अडखळतं. 'मोशन रेट १२०' असलं काही छापलेलं असेल तर फसू नका, पॅनल ६० चंच असू शकतं. तपशिलात नेटिव्ह (पॅनलचा खरा) रिफ्रेश रेट शोधा. कन्सोलसाठी ४के १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार बदलणारा रिफ्रेश रेट) घेणारे एचडीएमआय २.१ पोर्ट मोजा. अनेक टीव्हींत चारपैकी दोनच तसे असतात आणि त्यातला एक ईएआरसीचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा. साउंडबार लावला की कन्सोलला एकच उरतो.

ओलेडचा एक स्वभाव आधीच सांगतो. पिक्सेल क्षणात बदलतो, त्यामुळे २४ फ्रेमच्या सिनेमात प्रत्येक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंद गोठल्यासारखी दिसते. काहींना हे खुपतं. जडर (हे अडखळणं) कमी करण्याची मेनूतली पट्टी दहापैकी दोन-तीनवर ठेवली की पुरतं, जास्त नेली तर सिनेमा टीव्ही मालिकेसारखा कृत्रिम गुळगुळीत दिसतो.

झोनमोजणी

दुकानात टीव्ही शोरूम मोडमध्ये, सगळं चढवून ठेवलेला असतो. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावायला सांगा, आधी पिवळट वाटेल, तेच बरोबर. मग पेनड्राइव्हवर स्वतःचे तीन नमुने न्या: काळ्यावर पांढरी सबटायटल, एकसंध फिकट राखाडी आणि पूर्ण पांढरं. पहिला समोरून आणि तुमच्या खुर्चीच्या कोनातून बघा. राखाडीवर उभे पट्टे किंवा मळकट डाग दिसतात का पाहा, मैदानावर कॅमेरा सरकला की तेच डोळ्यात सलतात. मात्र प्रत्येक नग वेगळा असतो, म्हणून राखाडीची तपासणी घरी आलेल्या नगावर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत पुन्हा करा.

खोकं उभंच आणायला सांगा. बाहेर काढताना दोन माणसं, हात खालच्या कडेला, बोटं स्क्रीनवर टेकवायची नाहीत.