मदत हवी आहे : लिंगाची ताठरता कमी झालीय, ईसीजी नॉर्मल आहे, पुढची कोणती तपासणी करून घेऊ?

वय 47. गेले आठ-नऊ महिने ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही. पहाटेची तर जवळपास बंदच झालीय, म्हणून हे नुसतं टेन्शन असेल असं वाटत नाही. इच्छा आहे, घरात कुरबुर नाही.

एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.3, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, कंबर 102 सेंमी. बीपीसाठी पाच वर्षं अ‍ॅटेनोलॉल रोज. सिगारेट चार महिन्यांपूर्वी सोडली, रोज 40 मिनिटं चालतो. छातीत दुखत नाही, जिना चढताना दम लागत नाही. नायट्रेटची (छातीत दुखण्यावरची) गोळी चालू नाही. वडिलांना 52व्या वर्षी अटॅक आला होता.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, आणि सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी) लिहून दिली. चिठ्ठी अजून खिशातच आहे. कारण वाचलं ते असं : लिंगाच्या धमन्या जेमतेम 1-2 मिमीच्या, हृदयाच्या 3-4 मिमीच्या. त्यामुळे आतलं अस्तर बिघडलं की त्रास आधी खाली दिसतो, छातीत काही वर्षांनी. आणि विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असला तरी ब्लॉकेज नाहीच असं म्हणता येत नाही.

बीपीच्या गोळीनेही ताठरता कमी होऊ शकते हे माहीत आहे, पण ती स्वतःहून बंद करणार नाही, तो सल्ला नको. कुठलं चूर्णही नको.

पुढच्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे जातोय. अशा वेळी स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावरचा ईसीजी) पुरते की सीटी कॅल्शियम स्कोअरही (हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारं स्कॅन) मागावा? सकाळचा टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सोबतच करून घेऊ का? आणि अ‍ॅटेनोलॉल बदलून कुणाला फरक पडलाय का?