मदत हवी आहे: कोविडने विधवा झालेल्या भगिनी आणि त्यांच्या मुलांच्या संरक्षणासाठी मंडळीपुढे ठेवायचा ठराव

सर्वांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

मी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका खेड्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या महिला मंडळाची चिटणीस आहे. दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, आमच्या लहानशा मंडळीतील चार कर्ते पुरुष गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या चारही भगिनी चाळिशीच्या आतल्या आहेत आणि चौघींची मिळून नऊ मुले आहेत. येत्या महिन्यात चर्च कमिटीची बैठक आहे. तिच्यापुढे या भगिनींच्या व मुलांच्या संरक्षणाचा ठराव ठेवावा आणि तो मंजूर झाल्यास त्याच्या आधारे कोविडने पालक गमावलेल्या मुलांसाठी नेमलेल्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाला निवेदन द्यावे, असे महिला मंडळाने ठरवले आहे. मसुदा माझ्याकडे आला आहे आणि मी त्यात अडकले आहे.

अडचण पैशांची नाही. धान्याचे किट मंडळीने मनापासून वाटले, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. एका भगिनीच्या दिरांनी नवऱ्याचा मोबाइल, एटीएम कार्ड आणि विम्याची कागदपत्रे दहाव्या दिवशीच ताब्यात घेतली आणि घर सासूबाईंचे आहे असे तिला सांगितले. दुसरीच्या दारात फायनान्सचे वसुलीवाले येऊन बसतात. तिसरीच्या मुलीची दहावीची परीक्षा सरकारने एप्रिलमध्ये रद्द केली. आता शाळाच नाही तर मुलीला घरात ठेवून काय करायचे, असे म्हणून पंधरा वर्षांच्या त्या मुलीसाठी चुलते स्थळे पाहत आहेत. चौथीचे धाकटे बाळ आठ महिन्यांचे आहे. ते एका सधन, निपुत्रिक विश्वासू कुटुंबाला ‘प्रार्थना करून’ देऊन टाकावे, असा सल्ला तिला देण्यात आला आहे, आणि देणाऱ्यांना आपण पुण्यकर्म करत आहोत असेच वाटते.

हे सारे कमिटीतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे की, घरातली गोष्ट घरात आणि मंडळीतली मंडळीत मिटावी, बाहेर गेल्यास साक्ष बिघडते, म्हणजे लोकांपुढे मंडळीचे नाव खराब होते. साथीच्या काळात मंडळीने प्रार्थना करावी, धान्य वाटावे आणि सरकारी कामात पडू नये, असेही ते सांगतात. मला हे पटत नाही, परंतु त्यांना पटेल अशा शब्दांत उत्तर द्यायचे आहे, कारण ही माणसे वाईट नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांना रस्त्यावर उभे राहून जेवण देणारे हेच होते.

उत्तरासाठी मी पंडिता रमाबाईंकडे वळले. त्यांचा आश्रम असलेल्या केडगावला आपण सहली नेतो, भिंतीवरचा त्यांचा फोटो मुलांना दाखवतो, पण १८९७ साली त्यांनी काय केले हे आमच्याकडे क्वचितच सांगितले जाते. पुण्यात प्लेग होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला होता; मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू केला गेला तो हाच कायदा. त्याच्या बळावर घरे तपासली जात होती आणि माणसे प्लेगच्या रुग्णालयांत व विलगीकरणाच्या छावण्यांत हलवली जात होती. रमाबाईंच्या शारदासदन या विधवा व मुलींसाठीच्या आश्रमशाळेतील एका मुलीलाही असेच नेण्यात आले. तेथे स्त्रियांची देखरेख कशी होते आणि त्यांच्या अब्रूची काळजी कशी घेतली जात नाही, हे रमाबाईंनी मे महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघडपणे लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे धुडकावून लावले. सरकार ख्रिस्ती, पत्र लिहिणारी बाईही ख्रिस्ती, आणि तिचा धर्मांतराचा राग धरून बसलेला पुण्यातला मोठा वर्ग आजूबाजूला; अशा वेळी गप्प बसणे तिला किती सोयीचे होते! त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांना प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले आणि त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. म्हणजे ज्या बाईने आसरा दिला, तिनेच जाबही विचारला. ही दोन कामे वेगळी आहेत असे तिला वाटले नाही.

शास्त्रभागांपैकी याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे सत्ताविसावे वचन, म्हणजे अनाथ व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यावा हे, सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ असल्यामुळेच ते ऐकून कोणी हलत नाही. म्हणून दोन वेगळे भाग घ्यावेत असे मला वाटते. एक, दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील विधवा, जिचा सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला आला होता. अलीशा तिला ‘घरात काय आहे’ असे विचारतो, तेल विकून आधी कर्ज फेडायला सांगतो आणि उरलेल्यावर मुलांसह जगायला सांगतो. दुसरा, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील, जिथे रोजच्या वाटपात काही विधवा वगळल्या जात असल्याची कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही, तर सर्व मंडळी बोलावून सात माणसे नेमली. पहिल्या मंडळीची साक्ष त्या तक्रारीने बिघडली नाही.

आता मदत हवी आहे ती अशी. ख्रिस्ती विधवेचा घरावरील हक्क नेमका काय, बाळ असे देता येते का आणि त्या मुलीच्या लग्नाबाबत पाळकांवर (मंडळीच्या धर्मगुरूंवर) काही जबाबदारी येते का, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय कोणत्याही भगिनीचे नाव उघड न करता ठराव ठोस कसा लिहावा, हेही सुचवावे. मंडळी लहान आहे. ‘एक भगिनी’ म्हटले तरी सारे ओळखतात.

प्रतिसाद १

ताई, मी वकिली करतो आणि ख्रिस्ती नाही, परंतु आपल्या प्रश्नांतील कायद्याचा भाग स्पष्ट आहे. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता गेली तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. कलम ३३ प्रमाणे मुले असल्यास मालमत्तेचा एक तृतीयांश भाग विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुले हयात असताना मृताच्या आईला किंवा भावांना वाटा नसतो. मात्र हे मृताच्या स्वतःच्या मालमत्तेपुरते आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर तिला त्यात मालकी सांगता येणार नाही, पण म्हणून तिला बाहेरही काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार स्त्री जिथे नांदत होती त्या घरात राहण्याचा तिचा हक्क मालकीवर अवलंबून नाही, आणि असे घर सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचेही असू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले आहे. कागदपत्रे व कार्ड अडवून ठेवणे हा याच कायद्याखाली आर्थिक छळ ठरतो. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

बाळाबाबत घाई करू नका आणि कोणाला करू देऊ नका. प्रार्थना करून, स्टॅम्पपेपरवर सही घेऊन किंवा तोंडी दत्तक होत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ याची प्रक्रिया टाळून मूल देणे-घेणे हा कलम ८० खाली गुन्हा आहे, आणि त्यात पैसे आले तर कलम ८१ अधिक कडक आहे. आई जिवंत आहे, तिला मूल हवे आहे. तिला गरज आहे ती एकच पालक असलेल्या मुलांनाही मदत देणाऱ्या राज्याच्या बाल संगोपन योजनेच्या अर्जाची.

लग्नाबद्दल आपल्या पाळकांना एवढेच दाखवा: बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १० नुसार असा विवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ‘मंडळीत मिटवू’ या वृत्तीमुळे सांगतो. उद्या एखाद्या मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कमिटीला मिळाली, तर पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे.

प्रतिसाद २

भगिनी, मी दुसऱ्या जिल्ह्यातील मंडळीत संडे स्कूल घेते. आम्ही ठरावात व्यक्तींचा उल्लेखच केला नाही, कृतींचा केला. उदाहरणार्थ, मयत सभासदाच्या मृत्यूच्या दाखल्याची व रुग्णालयाच्या कागदांची प्रत पत्नीच्या हाती आहे ना, हे मंडळी एका महिन्यात पाहील. अठरा वर्षांखालील मुलीच्या किंवा एकवीस वर्षांखालील मुलाच्या विवाहाची सूचना उपासनेत वाचली जाणार नाही. मूल हस्तांतरित करण्याच्या कोणत्याही बोलणीत पाळक किंवा कमिटी सदस्य मध्यस्थी करणार नाही. हे सर्वांना लागू होते, त्यामुळे कोणाकडे बोट जात नाही.

मदतीच्या क्रमांकांचे पत्रक मात्र आमच्याकडे फसले. महिलांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक आम्ही चर्चच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावले. मार खाणारी बाई नवऱ्यासोबतच उपासनेला येते आणि त्याच्यासमोर तो क्रमांक टिपून घेत नाही, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. नंतर धान्याचे किट पुरुषांऐवजी महिला मंडळाच्या दोघींनी घरी नेऊन द्यायला सुरुवात केली आणि स्वयंपाकघरात पाच मिनिटे बसण्याचा नियम केला. बोलणे तिथे झाले. संसर्गाचे दिवस असल्यामुळे आम्ही मास्क लावून मागच्या दाराशी बसायचो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. कलम ३३ वाचून काल मी त्या भगिनीकडे गेले. घर तिच्या नवऱ्याच्याच नावावर आहे, ग्रामपंचायतीचा उतारा तिच्याकडे आहे. तिने तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता.

ठरावातील पहिली तीन कलमे मी प्रतिसाद २ मधील पद्धतीने लिहिली आहेत. कृती दलाच्या निवेदनात मला आणखी एक मागणी घालायची आहे. आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने जून २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली आणि केंद्राने त्याआधी, २९ मे रोजी, दहा लाखांची योजना जाहीर केली. आमच्या नऊ मुलांपैकी एकही त्यात बसत नाही, कारण त्यांची आई जिवंत आहे. तिच्या जिवंत असण्याची किंमत त्यांनी शिक्षण सोडून मोजावी, असे तर सरकारलाही वाटत नसेल. म्हणून एकल पालक असलेल्या मुलांच्या शुल्काचा आणि विधवांच्या रोजगाराचा प्रश्न कृती दलाच्या कार्यकक्षेत घ्यावा, अशी मागणी आहे. याच विषयावर आपल्या तालुक्यात कोणी निवेदन दिले असल्यास, व्यक्तींची नावे वगळून त्याचा नमुना येथे द्यावा. बैठक पुढच्या महिन्यातील दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर आहे.