मदत हवी आहे: नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलं, पण चेन सरळ येत नाहीये

अर्धापाना

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

मामांनी गॅरेज आवरायला काढलं तेव्हा दोन गोष्टी माझ्या वाट्याला आल्या. एक, नॉर्टन या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलची स्लिमलाइन फेदरबेड फ्रेम, चाकं आणि फोर्कसकट, पण इंजिनाविना. दोन, खोक्यात भरलेलं ट्रायम्फचं ६५० सीसी प्री-युनिट इंजिन आणि त्याचाच सुटा गिअरबॉक्स. पुढचं सांगायला नकोच. ट्रायटन करायची, म्हणजे नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन.

इंजिन प्लेटा मीच केल्या. आधी पुठ्ठा, मग प्लायवूड, मग १० मिमी अ‍ॅल्युमिनियम. इंजिनाच्या दोन केसिंगचा सांधा फ्रेमच्या बरोबर मधोमध येईल असं धरून मापं काढली. प्लेटा बसल्या, बोल्ट आरपार गेले, त्या रात्री झोप छान लागली. दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चकतीला) लांब पट्टी लावली तर गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट ७ मिमी आत! पट्टी दोनदा उलटसुलट करून पाहिली. सातच.

आता प्रश्न:

१. हे ७ मिमी कुठे खाऊ? गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागे स्पेसर घालू की मागचं स्प्रॉकेट लेथवर उतरवून घेऊ?

२. डायनामो इंजिनाच्या पुढच्या अंगाला आहे, तो पुढच्या प्लेटला घासतोय. प्लेट कापली तर कमजोर होईल का?

३. क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) पुन्हा बॅलन्स करावा लागतो असं सगळे म्हणतात. खरंच लागतो का?

प्लेटा पुन्हा करायची वेळ आणू नका, एवढीच विनंती. आगाऊ धन्यवाद.

वाचकच बरा

मदत शून्य, पण फोटो टाका. नुसत्या वर्णनावर उपाशी ठेवू नका.

कानसवाला

अर्धापाना, स्पेसर नको आणि लेथही नको. तुमची चूक ७ मिमीची नाहीच, सुरुवात कुठून केली त्याची आहे.

इंजिन फ्रेमच्या मधोमध असावं असं कोणी सांगितलं? दिसायला बरं दिसतं, बाकी काही नाही. क्रम उलटा असतो. आधी मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आणायचं. चाक जिथे येईल तिथे त्याचं स्प्रॉकेट. त्या स्प्रॉकेटच्या रेषेत गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट. गिअरबॉक्स ठरला की क्लच कुठे ते ठरलं, आणि क्लचच्या रेषेत क्रँकवरचं स्प्रॉकेट, म्हणजे प्रायमरी चेन. इंजिन सगळ्यात शेवटी. ते डावीकडे सरकलं तर सरकू दे. थोडंसं एका बाजूला बसलेलं इंजिन गाडी चालवताना कळत नाही. वाकडी चेन मात्र रोज दात खाते.

स्पेसर घालून गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट बाहेर काढलंत तर शाफ्टच्या आट्यांवर नट पुरेसा बसणार नाही, वर बेअरिंगवर ताण.

तेव्हा आज फक्त एक काम करा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पुढच्या टायरपर्यंत न्या. पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे दोन्हीकडे फट राहीलच. त्या दोन फटी सारख्या आहेत का ते मोजा. हँडल सरळ बांधून ठेवा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. स्विंग आर्मचे बुश ढिले असतील तर आधी ते.

अर्धापाना

@कानसवाला, मोजलं. डावीकडे फट १४, उजवीकडे ८. म्हणजे चाक ६ मिमी डावीकडे?

कानसवाला

नाही, ३. चाक एका बाजूला ३ मिमी सरकलं की एक फट ३ ने वाढते आणि दुसरी ३ ने कमी होते. फरक ६ दिसतो, तो अर्धा करायचा. या अर्ध्याच्या हिशेबात मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय, म्हणून सांगतो.

अ‍ॅक्सलवरचे स्पेसर बघा, बहुतेक उलटसुलट घातलेत. चाक ३ ने उजवीकडे आलं की तुमचे ७ चे ४ झाले. उरलेल्या ४ साठी इंजिन आणि गिअरबॉक्स अखंड जोडी म्हणून डावीकडे न्या. प्लेटा त्याच राहतील. प्लेट आणि फ्रेमचा लग (बोल्ट बसायचा कान) यांच्यामधले स्पेसर डावीकडे ४ ने पातळ, उजवीकडे ४ ने जाड. झालं.

एक अट. स्पेसर तंतोतंत मापाचे हवेत. अर्धा मिमी फट राहिली आणि बोल्ट आवळून ती मिटवलीत, तर फ्रेमची नळी कायमची ताणाखाली राहते. मग एक दिवस लगच्या वेल्डशेजारी केसासारखी रेघ दिसते. बोल्ट हाताने आरपार जायला हवा, हातोडी दिसता कामा नये. आणि प्लेटच्या भोकात बोल्टचा गुळगुळीत दांडा बसला पाहिजे, आटे नकोत. अ‍ॅल्युमिनियम मऊ, आटे त्यावर कानसच चालवतात.

टॅपेट

कानसवाल्यांनी मुख्य मुद्दा घेतला. माझा एक जोडप्रश्न: गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टसाठी प्लेटला गोल भोक पाडलंय की लांबट खाच?

अर्धापाना

गोल. का?

टॅपेट

मग प्रायमरी चेन सैल झाली की ताणणार कशी? प्री-युनिटमध्ये गिअरबॉक्स वेगळा असतो. तो खालच्या बोल्टवर झुलतो आणि वरचा बोल्ट खाचेत मागेपुढे होतो, तेच चेन ताणायचं साधन. गोल भोक म्हणजे पहिल्या काही दिवसांतच चेन केसमध्ये आपटायला लागणार. खाच करा, सोबत छोटा ओढणारा बोल्टही द्या. आणि लक्षात ठेवा, प्रायमरी ताणली की मागची चेन सैल होते. आधी पुढची, मग मागची.

डायनामोबद्दल: प्लेटला अर्धगोल कापा, पण कोपरे टोकदार ठेवू नका, तडा टोकातूनच सुरू होतो. कापल्यावर कडा पॉलिश करा. दुसरा पर्याय म्हणजे इंजिन किंचित मागे घेणं, पण तो मोह टाळा. फेदरबेडमध्ये इंजिन जितकं पुढे आणि खाली, तितकं पुढच्या चाकावर वजन, आणि गाडी वळणावर तितकी जमिनीला धरून. हेडवरचे रॉकर बॉक्स (व्हॉल्व्हच्या यंत्रणेचे डबे) फ्रेममध्येच उघडता येतात का, तेही आत्ताच बघून घ्या. नाहीतर टॅपेट सेट करायला दर वेळी इंजिन खाली उतरवाल. (माझं टोपणनाव उगाच नाही पडलेलं.)

दोन_सिलिंडर

बॅलन्सबद्दल मी बोलतो, कारण यावर मार खाल्लाय.

ट्रायम्फच्या या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वर आणि एकत्र खाली जातात. क्रँकवर वजन लावून हे हेलकावे पूर्ण मारता येत नाहीत. वजन वाढवलं तर उभी थरथर कमी होते आणि तीच आडवी होऊन पुढे-मागे निघते. पिस्टनच्या वर-खाली वजनापैकी किती टक्के तोलायचं, हा तो बॅलन्स फॅक्टर. कारखान्याने तो आपल्या फ्रेमला मानवेल असा ठेवलेला. फ्रेम बदलली की तीच थरथर वेगळ्या वेगाला, वेगळ्या जागी जाणवते. माझी ठरावीक वेगाला हँडलपेक्षा टाकीत जास्त नाचायची.

क्रँक बाहेर आहे का? असेल तर आत्ताच बॅलन्स करा, पिस्टनचं खरं वजन देऊन. पिस्टन बदललेले असतील तर जुना आकडा तसाही निरुपयोगी.

कानसवाला

दोन_सिलिंडर यांच्याशी अर्धा सहमत. पाहिलेल्या निम्म्याअधिक ‘बॅलन्सच्या’ तक्रारी हेड स्टेडीच्या निघाल्या. सिलिंडर हेडपासून फ्रेमच्या वरच्या नळ्यांना जोडणारी ती पट्टी लोक शोभेची समजतात आणि पत्र्याची करतात. फेदरबेडला ती भक्कम लागते, इंजिन आणि फ्रेम दोघांनाही. ती नीट बसवा, गाडी चालवा, मग क्रँकला हात लावा.

दोन_सिलिंडर

क्रँक परत बाहेर काढायची मेहनत तुम्ही करणार का साहेब? :)

जुना_सायलेन्सर

विषयांतराबद्दल माफी, पण या धाग्यावर इतिहास नको म्हणजे काय! फेदरबेड फ्रेमची रचना रेक्स मॅकँडलेसची. १९५० साली नॉर्टनने ती शर्यतीत उतरवली आणि जेफ ड्यूकने त्याच वर्षी आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी शर्यत जिंकली. ‘पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं’ असं नॉर्टनचा रेसर हॅरॉल्ड डॅनियल म्हणाला आणि तेच नाव पडलं. पुढे ५०० सीसी फॉर्म्युला थ्रीच्या मोटारवाल्यांना मँक्स नॉर्टन या शर्यतीच्या गाडीचं इंजिन हवं होतं. नॉर्टन सुटं इंजिन विकेना. मग लोक अख्खी गाडी घेऊन इंजिन काढून घ्यायचे आणि फ्रेम उरायच्या. त्या रिकाम्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं सहज मिळणारं, तगडं इंजिन गेलं. १९६५ मध्ये डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी ट्रायटनवर बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकली, तेव्हा ही जुगाड गाडी म्हणून हिणवायची सोय राहिली नाही.

बाय द वे, गिअरचा क्रम बघितलात का? ट्रायम्फचा पहिला खाली, बाकी वर. नॉर्टनचा पहिला वर, बाकी खाली. मागे सरकवलेल्या फुटरेस्टसाठी लिव्हर उलटा लावलात तर ट्रायम्फचा बॉक्स नॉर्टनसारखा वागायला लागेल. सवय कुठली आहे ते ठरवा.

अर्धापाना

मंडळी, अपडेट.

अ‍ॅक्सलचे स्पेसर खरोखरच अदलाबदल झाले होते. चाक रेषेत आलं, दोन्ही फटी ११. उरलेल्या ४ मिमीसाठी नवे स्पेसर वळवून घेतले. दोन वेळा कानस मारावी लागली, तिसऱ्या वेळी चारही बोल्ट बोटाने ढकलून आरपार गेले. पट्टी लावली: मागचं स्प्रॉकेट आणि पुढचं, दोन्ही दात एकाच वेळी पट्टीला चिकटले. गॅरेजमध्ये एकट्याने ओरडलो.

गिअरबॉक्सची खाच कापली. डायनामोसाठी प्लेटलाही गोलाई दिली. क्रँक बाहेरच होता, म्हणून दोन_सिलिंडर यांचं ऐकून बॅलन्सला दिलाय. हेड स्टेडी ६ मिमी स्टीलची केली, कानसवाल्यांचंही ऐकलं.

लिव्हर उलटा लावलाय. आता किक मारायला गेलो की किकर उजव्या फुटरेस्टवर आपटतो. फुटरेस्ट दुमडणारा करू की किकर वाकवून घेऊ?

टॅपेट

दुमडणारा. किकर तापवून वाकवलात तर एक दिवस तो तुमच्या पायाखालीच मोडेल. आणि आता तरी फोटो टाका, वाचकच बरा अजून थांबलेत.