मदत हवी आहे: भ्रूण प्रत्यारोपणानंतर गाई उलटत (गाभण न राहता पुन्हा माजावर येत) आहेत

आमचा गोठा निपाणी तालुक्यात आहे. यंदा एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत तयार केलेले गीर जातीचे, सात दिवसांचे गोठवलेले भ्रूण आम्ही चार संकरित गाईंमध्ये सोडून घेतले. एकच गाभण राहिली, दोघी माजापासून एकविसाव्या दिवशी उलटल्या आणि चौथी चाळीस दिवसांनंतर.

गाईच्या माजाचा दिवस आणि भ्रूणाचे वय यांत एका दिवसाहून अधिक तफावत पडली तर गर्भ टिकण्याची शक्यता घटते, हे माहीत असल्यामुळे माजाची वेळ आम्ही वहीत नोंदवली होती. परंतु दोघींचा माज रात्रीचा, म्हणजे नोंद अंदाजाचीच. दुपारी पत्र्याखाली गाई तोंड उघडून धापा टाकत होत्या, हेही सांगितलेच पाहिजे. प्रत्यारोपणापूर्वी अंडाशयावरील पीतपिंड (माजानंतर तिथे तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) सोनोग्राफीने न पाहता केवळ हाताने चाचपला गेला.

चिकोडी, खानापूर किंवा बेळगाव भागात ज्यांनी हा प्रयोग केला आहे, त्यांनी कृपया कळवावे: पुढची फेरी थंडीपर्यंत थांबवावी का, गोठवलेल्याऐवजी ताजे भ्रूण घेतल्याने फरक पडला का, आणि यजमान म्हणून दुभत्या गाईपेक्षा वजनात भरलेली कालवड बरी ठरते का? माझा संशय उन्हावर अधिक आहे.