गोव्हनचा 'अभेद्य' बालेकिल्ला

स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर हा २०१५ पर्यंत ब्रिटनच्या मजूर पक्षाचा अभेद्य गड होता, असं म्हटलं जातं. ढोबळ मानाने खरं आहे, पण तिथल्या गोव्हन या मतदारसंघाने पोटनिवडणुकांत त्या गडाला दोनदा खिंडार पाडलं होतं. क्लाइड नदीकाठची ही जहाजबांधणी कामगारांची वस्ती. १९१८ पासून नील मॅक्लीन इथे मजूर पक्षाचे खासदार. (तरी १९५० ते ५५ इथे चक्क हुजूर गटाचा खासदार होता, हे फारसं कुणाला आठवत नाही.)

नोव्हेंबर १९७३ च्या पोटनिवडणुकीत स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या (एसएनपी) मार्गो मॅक्डोनाल्ड ५७१ मतांनी निवडून आल्या आणि तीनेक महिन्यांतच सार्वत्रिक निवडणुकीत पडल्या. नंतर १९८७ मध्ये मजूर पक्षाचं मताधिक्य १९,५०९. खासदार ब्रूस मिलन युरोपियन कमिशनवर गेले म्हणून १९८८ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक लागली. पोल टॅक्सवरून (थॅचर सरकारचा माणशी कर) लोक आधीच भडकलेले. एसएनपीचे जिम सिलर्स साडेतीन हजारांनी जिंकले! हे सिलर्स म्हणजे मार्गोबाईंचे यजमान, आणि मूळचे मजूर पक्षाचेच खासदार. १९९२ मध्ये तेही हरले.

१९९७ मध्ये इथूनच मोहम्मद सरवर हे ब्रिटनचे पहिले मुस्लिम खासदार झाले. पराभूत उमेदवार कोण, तर एसएनपीच्या तरुण निकोला स्टर्जन, ज्या पुढे स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) झाल्या. २००५ मध्ये स्कॉटलंडच्या जागा ७२ वरून ५९ झाल्या, त्यात हा मतदारसंघच गेला.