१२ वर्षं वापरायची गाडी: पेट्रोल, सीएनजी की डिझेल?

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)
मंडळी, घरात आम्ही पाच जण: आई-बाबा, आम्ही दोघं आणि सातवीतली लेक. पहिलीच नवी गाडी, ऑन-रोड ९ लाखांच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून तर शोरूमची पायरी चढलो. घेतली की १२ वर्षं तरी विकायची नाही. राहायला नाशिकला, रोज अंबडला ऑफिस, जाऊन-येऊन १० किलोमीटर. महिन्यातून एकदा कळवणला गावी, जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. चैत्रात सप्तशृंगी गड. सगळं धरून वर्षाला ७,००० होतील. माझा कल साध्या पेट्रोलकडे. सीएनजीचे ९० हजार जास्त मागतायत, ते वसूल कधी व्हायचे? मेव्हणा म्हणतो, पेट्रोल घेणं म्हणजे खिशाला भोक. बोला.

सिडकोचा_गॅसवाला
मेव्हण्याचं ऐका. पेट्रोल १०४ रुपये धरा, गॅस ९०. पेट्रोलवर लिटरला १७, गॅसवर किलोला २६. ७,००० किलोमीटरला पेट्रोल ४३ हजारांचं, गॅस २४ हजारांचा. वर्षाला १८-१९ हजार वाचले, पाच वर्षांत ९० हजार फिटले. पुढची सात वर्षं निव्वळ नफा.

जुनी_एमएच१५
रांगेत उभं राहणाऱ्याने "निव्वळ नफा" म्हणू नये. भावाच्या गाडीतून जाताना मी ते भोगलंय. रात्रीचे साडेदहा, भरताना गाडीत बसू देत नाहीत म्हणून सगळे खाली, आई झोपलेल्या नातवाला खांद्यावर घेऊन पंपाच्या कडेला उभी. नंबर लागला तर पोऱ्या म्हणतो, "प्रेशर नाही, गाडी आली की भरू." गाडी म्हणजे सिलिंडरांचा ट्रक. ज्या पंपाला पाइपलाइन नाही तिथे गॅस ट्रकनेच येतो, आणि ट्रक रिकामा होत आला की दाब पडतो. २०० बारच्या जागी १४०-१५० वर भरून मिळतो. पैसे तेवढे कमी लागतात, खरं आहे, पण चार दिवसांनी पुन्हा तीच रांग.
माझी २०१० ची पेट्रोल. २०२५ मध्ये १५ वर्षं झाली, पेठ रोडच्या आरटीओत फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून नोंदणी पाच वर्षं वाढवून आणली. इंजिन आजवर उघडलेलं नाही.

सिडकोचा_गॅसवाला
दुपारी अडीचला जा, चिटपाखरू नसतं. टाकीत पेट्रोलही असतंच, अडून राहत नाही कुणी. आणि तुमची २०१० ची आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पिते, तिच्या रबरी पाइपांचं काय?

जुनी_एमएच१५
बदलले. नव्या गाडीला ती काळजी नाही, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० सोसणारे असतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, एवढं मान्य.

निफाडचा_द्राक्षवाला
तुमचं सगळं सपाट रस्त्याचं गणित आहे. नांदुरीपासून गडाचा घाट, पाच माणसं, एसी चालू, डिकीत कांद्याची गोणी. गॅसवर दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते. डिझेलला ते जाणवतही नाही. ९ लाखांत जमवायला ओढाताण होईल, पण १२ वर्षांची बात आहे, लाखभर वर जा.

मायकोचा_निवृत्त
सातपूरला डिझेल इंजिनात इंधन फवारणारे नोझल तपासण्यात माझं आयुष्य गेलं. डिझेलला नावं ठेवायला जीभ वळत नाही, तरी सांगतो: दादा, तुम्ही घेऊ नका.
आताच्या बीएस-६ (प्रदूषणाचा कडक नियम) डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. अंबडपर्यंतच्या पाच किलोमीटरमध्ये, त्यातही निम्मा वेळ सिग्नलला, तो तापतच नाही. आमच्या शेजाऱ्याला दर पंधरा-वीस दिवसांनी पिवळा दिवा दिसायचा. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, हायवेला एका वेगात वीस मिनिटं पळवा. मग बिचारा रविवारी फिल्टर जाळायला घोटीपर्यंत जायचा. मिसळ खाऊन परत. बायको म्हणायची, गाडी आपल्यासाठी आहे की आपण गाडीसाठी?
शिवाय १० लाखांच्या आतल्या गाडीला आपल्याकडे पेट्रोलवर ११ टक्के रोड टॅक्स, डिझेलवर १३.

निफाडचा_द्राक्षवाला
काका, शेजारी गाडी वापरतच नाही त्याला डिझेल काय करणार? माझं वर्षाला २५,००० होतं. तो दिवा कसा दिसतो मला ठाऊक नाही.

मायकोचा_निवृत्त
तेच तर म्हणतोय मी. तुमचं २५, त्यांचं ७.

छतावर_सोलर
रोजचे १० किलोमीटर, आणि ईव्हीचं नाव कुणी काढत नाही? घरी चार्ज करा. ना रांग, ना ऑइल बदलणं. घाट उतरताना थोडी बॅटरी परतही भरते.

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)
ताई, तुमचा बंगला असणार. आमचं पार्किंग उघडं, मीटर दुसऱ्या विंगेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय दोन वर्षं चालू आहे, त्यात चार्जिंगचा काढू? आणि बॅटरीची वॉरंटी ८ वर्षांची, मला गाडी १२ वर्षं ठेवायची आहे.

छतावर_सोलर
वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी मेली असं नाही हो, रेंज हळूहळू घटते. पण मीटरचं पटलं. त्या भांडणात मी पडत नाही.

सिडकोचा_गॅसवाला
मग फिरून गॅसच. दर तीन वर्षांनी गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, तेवढी विसरू नका.

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)
काल सीएनजीच्या दोन गाड्या पाहून आलो. बाबांनी किंमत विचारलीच नाही, सरळ डिकी उघडायला लावली. एका मोठ्या सिलिंडरच्या गाडीत गोणी आडवी बसणार नाही, हे दिसतच होतं. दुसऱ्या कंपनीची दोन लहान सिलिंडर खाली दडवलेली होती, तिच्यात बसेल असं वाटतं, पण सेल्समन खरी गोणी आणू देईना. शनिवारी कापडी पिशव्यांत वीस-वीस किलो कांदे भरून नेतोय. पेट्रोलची ट्रायल झाली आहेच. आणि काका, घोटीला मिसळ नेमकी कुठली?