संभाजीनगर आणि अंबाजोगाई: रोड बाइकसाठी सुरक्षित रस्ते सुचवा (जानेवारी, एकटीने)

घाटवेडी

नमस्कार. संक्रांतीच्या आसपास नणंदेकडे संभाजीनगरच्या सिडकोत मुक्काम आहे, तिथून पुढे अंबाजोगाईला एक लग्न. गाडीच्या कॅरिअरवर सायकल घेऊन येतेय. रोड बाइक आहे, 25 चे (25 मिमी रुंद) टायर, त्यामुळे खडी आली की मी उतरून चालणार. एरवी ठाण्यात घोडबंदर रोडला पहाटे चालवते. अवजड गाड्यांची सवय आहे, पण इथले खड्डे पाठ आहेत, तिकडचे नाहीत.

नकाशावर तीन पर्याय दिसतात: दौलताबाद–खुलताबाद–वेरूळ, पैठण, आणि म्हैसमाळ. नणंदेचे मिस्टर म्हणतात, समृद्धीसारखा गुळगुळीत रस्ता सोडून कुठे जाताय. नकाशात चढ कळतो, पण साइडपट्टी आहे की नाही ते कळत नाही, आणि माझा प्रश्न नेमका तोच आहे. 70–80 किमी चालेल, साडेदहा-अकरापर्यंत घरी पोचायचं आहे. एकटी असेन, तर मध्ये थांबायला बऱ्या जागाही सांगा. रस्त्याला झाडं असली तर उत्तम, नुसता सरळ हायवे नको.

खडकीकर

आधी समृद्धी यादीतून काढा. तिथे मोटारसायकललाही बंदी आहे, सायकलचं तर बोलूच नका.

तुमच्यासाठी खुलताबादचाच रस्ता. नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद असं जायचं. सिडकोतून नगर नाक्यापर्यंत जालना रोडने शहर आडवं कापावं लागतं, तेवढा तुकडा अंधारात संपवला तर बरं. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाऊण तास आधी निघा आणि मागचा लाल दिवा चालू ठेवा. पडेगाव सोडलं की हवा बदलते. पुढे जुन्या वडाच्या झाडांचे पट्टे लागतात, सकाळी त्यांच्याखाली चांगलीच थंडी असते, हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या.

दौलताबादला एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना माहीत नसते. रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतून, जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी मावते. समोरून बस येत असेल तर बाहेरच थांबा. दोन गाड्यांच्या मध्ये शिरून निघून जाऊ असा विचार अजिबात करू नका, दगडी भिंत आणि बसचं चाक यांच्यात हँडलबार मावत नाही. सकाळी साडेसातच्या आत ही जागा मोकळी असते, अकरानंतर तिथे कोंडी.

दरवाजा ओलांडला की पुढे घाट. फार लांब नाही, पण वळणं आहेत. वर पोचल्यावर मागे वळून बघा, देवगिरीचा सगळा डोंगर समोर दिसतो. मग कागजीपुरा, हाताने कागद बनवणारं गाव, आणि पुढे खुलताबाद. थांबायचं तर भद्रा मारुतीपाशी थांबा. चहाची दुकानं असतात, वर्दळ असते, एकट्या बाईला अवघडल्यासारखं होत नाही.

वार बघून निघा. शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी, सोमवारी घृष्णेश्वराची, रविवारी सगळ्यांचीच. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे पर्यटकांच्या गाड्या कमी. लेणी बघायची असतील तर वेगळ्या दिवशी गाडीने जा, सायकलचे बूट घालून कैलास लेण्यात फिरणं तसंही हाल आहेत.

दोनचाकी

+1 मंगळवारला. नवीन चौपदरी महामार्ग झाल्यापासून जुन्या रस्त्यावरचे ट्रकही कमी झालेत.

घाटवेडी

खडकीकर, फार मदत झाली. मग पैठण नकोच का? नाथसागरावर (जायकवाडी धरणावर) पक्षी बघायचे होते.

खडकीकर

पक्षी बघा, पण सायकल कॅरिअरवरच राहू द्या. पैठण रोडला चितेगाव, बिडकीनचा औद्योगिक पट्टा आहे. शिफ्ट बदलायच्या वेळी कामगारांच्या बसेस, टँकर, राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या. शिवाय रस्ता जवळजवळ सपाट आणि उघडा, सावली नावाला. थंडीत वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून असतो. जाताना वाटतं आज पाय काय सुंदर चाललेत, आणि येताना पन्नास किमी वारा तोंडावर. हिवाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, त्यांच्यासाठी दुर्बीण घेऊन गाडीने गेलेलं चांगलं.

मीनाक्षी_सिडको

ताई, मी याच भागात राहते म्हणून सांगते. तुम्ही नेमक्या मांजाच्या दिवसांत येताय. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण दरवर्षी दुचाकीवाल्यांचे गळे कापल्याच्या बातम्या येतातच. पहाटे पतंग नसतात, पण आदल्या दिवशीचा तुटलेला मांजा खांबावरून, झाडावरून रस्त्यावर लोंबत असतो आणि सायकलवाल्याला तो अगदी शेवटी दिसतो. गळ्याला जाड बफ किंवा मफलर दुहेरी गुंडाळून घ्या, डोळ्यावर पारदर्शक चष्मा. परत येताना शहरात शिरलात की वेग उतरवा. संक्रांतीच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी मी सायकल बाहेरच काढत नाही.

दुसरं म्हणजे काटे. साइडपट्टीवर वेड्या बाभळीच्या फांद्या पडलेल्या असतात. ट्रक आला म्हणून घाईने डांबराखाली उतरलात की पंक्चर ठरलेलं. दोन ट्यूब आणि पंप जवळ ठेवाच. रस्त्याकडेचे पंक्चरवाले मोटारसायकलवाले असतात, रोड बाइकचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बघून तेच तुम्हाला विचारतील की हवा कुठून भरायची.

स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंपावर थांबा. खुलताबादच्या पुढे म्हैसमाळकडे वळलात तर वाटेत तशी सोय नाही.

घाटवेडी

मांजाचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद मीनाक्षीताई. म्हैसमाळचा चढ किती अवघड आहे? ठाण्यातला येऊरचा चढ चढते मी, पण तो छोटा आहे.

दोनचाकी

खुलताबादपासून 12 किमीच्या आसपास. बराचसा भाग चढ-उतार, शेवटी खरा चढ. 34 चा कॅसेट (मागचं सर्वात मोठं गिअर-चक्र 34 दात्यांचं) असेल तर सीटवर बसूनच चढाल. आठवड्याच्या मधल्या दिवशी रस्ता रिकामा असतो, वर गिरिजादेवीचं मंदिर आहे. सिडकोतून जाऊन-येऊन 85 च्या आसपास धरा. मात्र साडेदहाला घरी हे गणित म्हैसमाळसह बसणार नाही.

बालाघाटी

अंबाजोगाईला कुठं जायलात सायकल घेऊन? त्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

परळी रस्ता नको. औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे टिप्पर चालतात, ताडपत्री नीट बांधलेली नसली तर राख डोळ्यात येती. आणि जानेवारी म्हणजे उसाच्या गाळपाचा ऐन हंगाम. लातूरकडं जा नाहीतर केजकडं, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब. वर टेप एवढ्या मोठ्यानं की तुमची घंटी काय, हॉर्नसुद्धा ऐकू जात नाही. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली म्हणून आत वळू नका, मागून दुसरी असती. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली चिरडून चिकट होतो, तिथं तुमचा 25 चा टायर घसरंल. अंधारात तर निघूच नका, संभाजीनगरची पहाट इथं चालत नाही. चांगलं उजाडू द्या, मग निघा.

इथं मोठी राइड करायचा हट्टच करू नका. गावाबाहेर मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जा. लहानच फेरी आहे, पण बालाघाटाच्या कड्यावरून खाली दरी दिसती. येताना हत्तीखान्याची लेणी बघा आणि योगेश्वरीचं दर्शन घ्या. लग्नघरात नाश्त्याला वेळेवर पोचाल.

घाटवेडी

पटलं. मग असं ठरवते: संक्रांत होऊन गेल्यावर जो मोकळा मंगळवार किंवा बुधवार मिळेल त्या दिवशी खुलताबाद, पाय बरे असतील तर म्हैसमाळ, आणि घरी बारापर्यंत येईन असं सांगून ठेवते. पैठण गाडीने. अंबाजोगाईला फक्त मुकुंदराज. एक शंका राहिली: येताना दौलताबाद घाट उतरणीला आहे, तेव्हा ट्रॅफिकही वाढलेलं असेल. ते कसं करायचं?

खडकीकर

लेनच्या मधोमध उतरा, कडेला नाही. कडेला राहिलात की मागचा माणूस वळणावरच ओव्हरटेक मारतो. मध्ये राहिलात तर हॉर्न वाजवेल, पण थांबेल. घाट संपायच्या आधीच वेग कमी करा, कारण पुढे लगेच तो दरवाजा आणि पर्यटकांची गर्दी. तिथे शेवटचे शंभर-दोनशे मीटर सायकल हातात धरून चाललात तरी काही बिघडत नाही, मी रविवारी तेच करतो. आणि ब्रेक पॅड ठाण्यातच तपासून घ्या.

घाटवेडी

मागचे घासलेत. या रविवारी बदलून घेते.